माफीची प्रत माहितीसाठी

मसुदेसाहेबांना माफी मागता येत नव्हती, असं कुणी म्हणू नये. येत होती. फक्त तिला चार पानं लागत, आणि शिवाय एक जोडपत्र.

मसुदेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी पत्रांचे मसुदे लिहिले, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनी ते पदकासारखं मिरवलं. ‘नळाला पाणी नाही’ एवढी तक्रार ते दीड पानात मांडत. पाणी येतं की येत नाही हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे, पण लिहिणारा माणूस भारदस्त आहे हे पहिल्या ओळीतच कळे. निवृत्तीच्या दिवशी त्यांचे वरिष्ठ म्हणाले, “तुमच्यासारखं लिहिणारा या कचेरीला पुन्हा मिळायचा नाही.” असं म्हणून वरिष्ठांनी एक मोठा श्वास सोडला, तो सगळ्यांनी पाहिला. मसुदेसाहेबांनी नाही पाहिला, कारण ते तेव्हा आपलं आभाराचं भाषण उलगडत होते. ते नऊ पानी होतं.

आता असा माणूस निवृत्त झाला म्हणून स्वस्थ बसेल होय? लेखणी चर्चकडे वळली. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, नियम एका पानावर होते, ते वहीभर झाले. ‘सायकली भिंतीला टेकवू नयेत’ ही पाटी जाऊन तिथे ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ असं सुरू होणारी पाटी आली, आणि ती वाचून होईपर्यंत लोक सायकली भिंतीला टेकवूनच उभे राहायला लागले. रविवारच्या उपासनेत सगळ्यांच्या वतीनं करायची प्रार्थनाही त्यांच्याकडे आली. ती ते लिहून आणत. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, राज्यकर्ते, अग्निशामक दल, पाणीपुरवठा खातं, कुणाला म्हणून वगळत नसत. शेवट ठरलेला असे: “तरी हे कृपाळू प्रभू, उपरोक्त सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आमेन.”

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ‘उपरोक्त’ यायच्या आतच ऑर्गन वाजला.

वाजवणारा कुणी परका असता तर गोष्ट वेगळी. तो होता मसुदेसाहेबांच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. सगळी मंडळी त्यांना मामा म्हणायची. बाजाराच्या कोपऱ्यावर मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि चर्चच्या सज्ज्यातला तो जुना, पायानं भाता मारून वाजवायचा ऑर्गन तीस वर्षं त्यांच्याच पायाखाली होता. त्या दिवशी प्रार्थना अकराव्या मिनिटाला रस्तेदुरुस्तीपर्यंत पोचली होती. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजीबाई उभ्या राहून राहून हलायला लागल्या होत्या. मामांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, भाता मारला आणि गीताची पहिली ओळ सोडून दिली. मंडळी त्या दिवशी जितक्या जोरात गायली तितकी कधीच गायली नव्हती म्हणतात. मसुदेसाहेब हातात तीन पानं धरून तसेच उभे राहिले. रेल्वे कर्मचारी त्या आठवड्यात प्रार्थनेविना राहिले.

झालं! मसुदेसाहेबांनी चर्चच्या कमिटीकडे सात पानी तक्रार दिली. कमिटीनं पहिलं पान वाचलं आणि ती चर्चच्या कपाटात ठेवून दिली. पण बातमीला काय कपाट लागतं? ती मामांच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी मामांनी ऑर्गनची किल्ली कमिटीच्या सेक्रेटरींच्या हातात दिली आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून मंडळी ऑर्गनवाचून गात होती. सूर एका बाजूला, ताल दुसऱ्या बाजूला, आणि आजीबाई दोघांच्या पुढे. मामांनी बहिणीच्या घरी येणंही बंद केलं.

बहिणीला, म्हणजे मसुदेसाहेबांच्या बायकोला, सगळे सिस्टर म्हणत. ती इस्पितळात वॉर्डची परिचारिका होती, निवृत्त झाली तरी नाव राहिलं. आई-वडील लवकर गेले. मामांनी दुकान उघडलं ते एकोणिसाव्या वर्षी, लग्न केलं नाही, बहिणीला शिकवलं, तिला परिचारिकेचा गणवेश शिवून दिला. त्या भावाला दोन वर्षं ती चर्चच्या दारात नुसती बघत होती. घरी येऊन नवऱ्याला बोलत काही नसे, फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवायची. दोन वर्षांत त्यांच्याकडचे चार कप फुटले.

आणि मग लेकीचं लग्न ठरलं. लेकीला घरात बेबी म्हणत. सत्तावीस वर्षांची झाली, शाळेत गणित शिकवायला लागली, तरी बेबीच. पाच आठवड्यांवर तारीख आली तेव्हा तिनं जेवताना सांगून टाकलं, “पप्पा, मामा वाजवणार नसेल तर मी चर्चच्या दारातून आत येणार नाही. नोंदणी कचेरीत सही करीन आणि घरी येईन.”

“असं कसं? पत्रिका छापायला गेल्यात!” मसुदेसाहेब म्हणाले. पत्रिकेचा मजकूर अर्थातच त्यांचा होता, आणि छापखान्यानं ‘मागे-पुढे दोन्हीकडे छापू का?’ असं विचारून झालं होतं.

“त्याच्या मांडीवर बसून मी सूर शिकले,” बेबी म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

सिस्टरनं डोळ्याला पदर लावला. मसुदेसाहेबांना बायकोचा राग चाले, कप फुटलेले चालत, पण हे चालेना. ते उठले, कोट नसताना कोटाची बटणं लावल्यासारखा हात छातीवरून फिरवला आणि म्हणाले, “ठीक आहे. मी माफी मागतो. उद्याच पत्र लिहायला घेतो.”

“पत्र कशाला? दुकान दहा मिनिटांवर आहे. जा आणि बोला.”

“अगं, अशा गोष्टी लेखी लागतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले आणि बातमी जिन्यानं वर-खाली गेली. आधी खालच्या मजल्यावरचे वकील आले. “माफी मागा, जरूर मागा,” ते खुर्ची ओढत म्हणाले, “पण कबुली देऊ नका. ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’ असं घाला. ‘असल्यास’ महत्त्वाचा. उद्या कुठं प्रकरण गेलंच तर हा ‘असल्यास’ तुम्हाला वाचवील.” प्रकरण कुठं जाणार, मेहुण्यावर कुठल्या कोर्टात दावा लागणार, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ‘असल्यास’ मसुदेसाहेबांना आवडला. त्यांनी तो तीन ठिकाणी घातला.

मग वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई उतरल्या. त्यांनी मसुदा हातात घेऊन लाल पेन मागितलं. “पार्श्वभूमी कुठाय?” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्याला प्रसंग माहीत आहे असं धरून चालायचं नाही.”

“वाचणाराच तो प्रसंग आहे, बाई,” सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण पार्श्वभूमी आली. ती दीड पान झाली. दहा दिवसांनी पत्र तयार झालं, ते असं:

‘विषय: दि. अमुक रोजी उपासनेदरम्यान मुदतपूर्व वाजलेल्या ऑर्गनबाबत दिलगिरी. संदर्भ: माझी याच विषयावरील सात पानी तक्रार. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की…’

तिसऱ्या पानावर प्रार्थना लांब का असते याची अकरा कारणं होती. चौथ्या पानाच्या शेवटी, सगळ्या अडथळ्यांतून वाट काढत, बिचारी माफी एकदाची आली: ‘सबब, आपल्या चुकीमुळे उद्भवलेल्या परिस्थितीत माझ्याकडून आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगीर आहे.’ मसुदेसाहेबांनी ती मोठ्यानं वाचली आणि स्वतःच मान डोलावली. त्यांनी सही केली, हुद्दा लिहिला, हुद्द्याच्या आधी ‘निवृत्त’ लिहिलं. आणि मग तो हात, जो चौतीस वर्षं एकाही पत्राखाली थांबला नव्हता, आपोआप डावीकडे सरकला आणि लिहून गेला:

‘प्रत माहितीसाठी: १) पाळकसाहेब. २) सेक्रेटरी. ३) कमिटीचे सर्व सदस्य. ४) निवड नस्ती (फाइलसाठी).’

पाचव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं. पण आता करायचं काय? लिहिलं खरं, आणि प्रती पाठवल्या नाहीत, तर पत्रात धडधडीत खोटं लिहिल्यासारखं होतं. ख्रिस्ती माणसाला खोटं शोभत नाही. म्हणून मसुदेसाहेबांनी सत्याला जागून नऊ प्रती काढल्या आणि स्वतः जाऊन घरोघर दिल्या.

सेक्रेटरी हे नियमाला देवानंतर मानणारे गृहस्थ. मसुदेसाहेबांनी लिहिलेली नियमांची वही त्यांना पाठ होती; मंडळीत ती पूर्ण वाचलेले ते एकटेच. नियम चौदाप्रमाणे आलेलं प्रत्येक पत्र कमिटीपुढे ठेवावं लागे. ठेवलं. कमिटीनं या खेपेला शेवटचं पान वाचलं. त्यात ‘आपल्या चुकीमुळे’ असं होतं. म्हणजे चूक मामांची. नियम सतराप्रमाणे चुकीची चौकशी लागते. तिघांची चौकशी समिती नेमली गेली, मामांना सात दिवसांत लेखी खुलासा करण्याची नोटीस निघाली, आणि चौकशी संपेपर्यंत पुरावा म्हणून ऑर्गनला मोठं पितळी कुलूप लागलं.

माफी मागायला गेलेल्या माणसानं मेहुण्याला नोटीस धाडली! बेबीनं डोक्याला हात लावला. सिस्टरनं पाचवा कप फोडला नाही, नुसता ओट्यावर पालथा ठेवला, आणि मसुदेसाहेबांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

चौथ्या दिवशी मामांचं उत्तर आलं. घड्याळ दुरुस्तीला घेताना मामा त्याला अंगठ्याएवढी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधत. तिच्यावर मालक कोण आणि बिघाड काय तेवढं लिहीत. पाकिटात मसुदेसाहेबांचं चार पानी पत्र होतं, त्याला भोक पाडून दोरा ओवलेला होता आणि दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मालक: साहेब. बिघाड: पार्ट जास्त. दुरुस्ती होणार नाही.’

“तारीख नाही! सही नाही!” मसुदेसाहेब ओरडले. “जावक क्रमांक तर नाहीच नाही!”

“एवढ्याशा चिठ्ठीत दादानं सगळं लिहिलं,” सिस्टर हळूच म्हणाली आणि मग मात्र ती रडली. “पूर्वी तो तुम्हाला भावोजी म्हणायचा. आता साहेब लिहिलंय.”

हे मसुदेसाहेबांना लागलं. नोटिशीपेक्षा, ‘पार्ट जास्त’पेक्षा लागलं. ते पत्र घेऊन तडक पाळकसाहेबांकडे गेले. चर्चचे हे धर्मगुरू वयानं त्यांच्या निम्मे होते, पण मसुदेसाहेब त्यांच्यापुढे उभे राहूनच बोलत.

“पाळकसाहेब, एवढी नम्र माफी मागूनही हे उत्तर!”

पाळकसाहेबांनी पत्र वाचलं. मध्येच एकदा चष्मा पुसला. मग विचारलं, “यात ‘मी’ आणि ‘माझे’ किती वेळा आलंय, मोजायचं का?” दोघांनी मोजलं. एक्केचाळीस वेळा. “आणि ‘चूक’?” एकदाच. तीही मामांची.

मसुदेसाहेब खुर्चीत बसले.

“माझी प्रवचनं चाळीस-चाळीस मिनिटं चालतात,” पाळकसाहेब म्हणाले, “तेव्हा मला बोलायचं तोंड नाही. पण प्रभूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली ती केवढी आहे? भाकर, क्षमा, स्वर्गाचं राज्य, सगळं आलं, आणि लहान मूलसुद्धा एका दमात म्हणतं. देवाला एवढं पुरतं तर मामांना चार पानं कशाला हवीत? आणि साहेब, लांबवण्याला आपण मान देणं समजतो. समोरच्याला हे कळत असतं की हा आपल्याला मान देत नाहीये, स्वतःला झाकतोय.”

एखाद्या तरुण अधिकाऱ्यानं मसुद्यावर शेरा मारला असता तर मसुदेसाहेबांनी त्याला तीन पानी उत्तर दिलं असतं. इथं पत्राची घडी घातली. त्यांनी फक्त “येतो” म्हटलं.

घरी येऊन ते कापायला बसले. पार्श्वभूमी गेली. अकरा कारणं गेली. आठव्या कारणावर त्यांचा फार जीव होता, ते दुपारपर्यंत राहिलं आणि मग गेलं. संध्याकाळी पत्र दीड पानावर आलं होतं आणि मसुदेसाहेब आजाऱ्यासारखे दिसत होते. सिस्टरनं मामांची ती चिठ्ठी दोऱ्यातून सोडवली, उलटी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मागची बाजू कोरी होती.

“यावर मावेल तेवढंच लिहा.”

“यावर? यावर नुसता विषयसुद्धा मावायचा नाही!”

“मी वीस खाटांच्या वॉर्डाचं एका पानात लिहून देत होते,” सिस्टर म्हणाली. “‘तीन नंबर: ताप उतरला. पाणी प्यायला. आईची आठवण काढतोय.’ बस. पुढच्या पाळीच्या मुलीला कळायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं ते. तुमच्या कागदांत माणूस कुठं आहे तेच सापडत नाही हो.”

मसुदेसाहेबांनी टोक केलेली पेन्सिल घेतली. कच्च्या कागदांवर सतरा मसुदे झाले. ‘असल्यास’ सगळ्यात आधी पडला. मग ‘दिलगीर’ गेलं, कारण दिलगीर तर कचेरी रोज असते. सोळाव्या मसुद्यात होतं: ‘दादा, चूक माझी होती. मला माफ करा. बेबीच्या लग्नात वाजवा.’ हा चिठ्ठीवर मावत होता. पण मसुदेसाहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि चौतीस वर्षांचा अनुभव पहिल्यांदाच खऱ्या कामाला आला. माफीखाली मागणी आली की तो अर्ज होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं आणि उरलेलं चिठ्ठीवर उतरवलं. सही केली. खाली हुद्दा घातला नाही. डावीकडे सरकणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

सकाळी ते स्वतः दुकानात गेले. मामांपुढे एक बाई गजराचं घड्याळ घेऊन उभ्या होत्या. मसुदेसाहेब त्यांच्यामागे रांगेत उभे राहिले. बाई गेल्यावर मामांनी वर पाहिलं. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच होतं.

“काय बिघाड?” त्यांनी विचारलं.

मसुदेसाहेबांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मामांनी ती उचलून वाचली. पुन्हा वाचली. उलटी करून आपलंच अक्षर पाहिलं, परत सुलटी केली.

“जोडपत्र?”

“नाही.”

“प्रत कुणाला?”

“कुणालाच नाही, दादा.”

मामा खाली मान घालून समोरच्या उघड्या घड्याळात बघत बसले. मसुदेसाहेबांना वाटलं, आता ‘दुरुस्ती नाही’ म्हणणार. पण भिंगाच्या आडचा डोळा दिसत नव्हता, आणि दुसरा, उघडा, भरून आला होता. मागच्या भिंतीवर दोन खिळे होते, एक व्हायच्या घड्याळांचा, एक झालेल्यांचा. मामांनी चिठ्ठी नेऊन झालेल्यांच्या खिळ्याला अडकवली.

“अकराव्या मिनिटाला मीही घाईच केली,” ते पाठमोरेच म्हणाले. “निदान रस्तेदुरुस्ती होऊ द्यायला हवी होती. बसा, भावोजी.”

मसुदेसाहेब बसले. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना भावोजी म्हटलं होतं. त्यांना खूप काही बोलायचं होतं, निदान तीन मुद्दे तर होतेच, पण ते गप्प बसले. लग्नाचा विषय मामांनीच काढला: “पोरीनं कुठलं गीत निवडलंय?”

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण ऑर्गनला कुलूप होतं ना! लग्नाला नऊ दिवस उरले होते. दोघं मिळून सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी वही उघडली.

“नियम बावीस. तक्रार अथवा तत्सम पत्र मागे घ्यायचं झाल्यास सकारण, सविस्तर अर्ज, आणि पंधरा दिवसांची मुदत.”

“पंधरा दिवस? हा कुठला गाढवपणा!” मसुदेसाहेब म्हणाले.

“तुमचाच,” सेक्रेटरी अदबीनं म्हणाले आणि वही पुढे केली.

मसुदेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहिलेला नियम वाचणाऱ्याच्या बाजूनं वाचला. नियम बावीस एकच वाक्य होता आणि तो पाऊण पान चालत होता. तिसऱ्या ओळीत ते हरवले. परत पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा हरवले. कान लाल झाले. चौतीस वर्षं लोक याच्याशी झगडत होते तर!

“यात ‘परंतु’च्या पुढे काय म्हणायचंय हो मला?” त्यांनी सेक्रेटरींनाच विचारलं.

“‘परंतु उभय पक्षी समेट झाल्यास मुदतीची अट शिथिल करण्यात यावी.’ मी तर तुम्ही विचारायचीच वाट बघत होतो,” सेक्रेटरी म्हणाले.

मसुदेसाहेबांनी कागद घेतला, लिहिलं, ‘आमच्यात समेट झाला आहे,’ आणि दोघांनी सह्या केल्या. सेक्रेटरींनी तो वाचला, उलटा केला, मागं कोरं पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं.

“बाकीचं?”

“एवढंच.”

सेक्रेटरींचा विश्वास बसायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी नोंद केली, शिक्का मारला आणि किल्ली मामांच्या हातात ठेवली.

कुलूप निघालं, मामांनी भाता मारला, आणि ऑर्गननं एक लांब उसासा टाकला. बस, पुढं काही नाही. मागची फळी काढली तर आत उंदरांचं घरटं. चांगल्या जाड कागदाचे बारीक तुकडे करून बांधलेलं, मऊशार. मामांनी एक तुकडा चिमट्यानं उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि वाचलं, “‘…तीव्र नापसंती व्यक्त करण्यात…’ भावोजी, हे अक्षर ओळखीचं दिसतंय.”

ती दोन वर्षांपूर्वीची सात पानी तक्रार होती. कपाटातून उंदरांनी पानापानानं वाहून आणली होती. मसुदेसाहेब क्षणभर दुखावले, मग म्हणाले, “कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणायची.” मामा इतके हसले की हातातला चिमटा खाली पडला. त्यानंतर चार दिवस मामा भात्याला चामड्याची ठिगळं लावत होते आणि मसुदेसाहेब बॅटरी धरून शेजारी उभे होते, एक अक्षर न बोलता. बघायला मंडळीतली निम्मी माणसं येऊन गेली. ऑर्गन बघायला नव्हे, मसुदेसाहेब गप्प उभे आहेत ते बघायला.

लग्नाच्या दिवशी ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि बेबी बापाचा हात धरून दारातून आत आली. सिस्टरनं वर ऑर्गनकडे पाहिलं. दादा वाजवत होता, पाठ ताठ, केस विंचरलेले. तिनं रडायचं ठरवलं नव्हतं, पण काय करणार, आलं.

लग्न लागलं. नंतर पाळकसाहेब म्हणाले, “आता वधूचे वडील प्रार्थना करतील.”

चर्चभर एक हालचाल झाली. ज्यांना पाठदुखी होती ते आधीच बसले. आजीबाईंनी पिशवीतून घडीची खुर्ची काढली. त्या तयारीनिशी आल्या होत्या. वकिलांनी नवरदेवाच्या वडलांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते गृहस्थ घाबरल्यासारखे दिसले. मामांनी खिशातलं घड्याळ काढून ऑर्गनवर ठेवलं, भात्यावरचे पाय खाली घेतले, हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे डोळे मिटले. या खेपेला कितीही वेळ लागला तरी ते मध्ये वाजवणार नव्हते. त्यांनी तसं मनाशी ठरवलंच होतं.

मसुदेसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मागच्या बाकावरून कुणीतरी कण्हलं. हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले:

“प्रभू, तू आम्हाला पुन्हा एकत्र आणलंस. या दोघांना कधी दूर होऊ देऊ नकोस. आमेन.”

कुणी ‘आमेन’ म्हणेना. सगळे पुढच्याची वाट बघत होते. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. आजीबाई अजून खुर्चीची घडी उलगडत होत्या. मामांनी दचकून डोळे उघडले, पाय भात्यावर टाकला, पट्ट्या दाबल्या, आणि ऑर्गनमधून नुसती हवा आली. तीस वर्षांत मामांचा पहिल्यांदा उशीर झाला होता. सगळ्या चर्चनं मान वळवून वर बघितलं. मामा लालबुंद होऊन भराभरा भाता मारत होते.

मसुदेसाहेब मात्र वाट बघत शांत उभे होते. मान ताठ, हनुवटी वर. निवृत्तीच्या दिवशी हार घालून उभे होते तेव्हाही त्यांना इतका अभिमान वाटला नव्हता. शेजारी सिस्टर उभी होती. तिनं कुणाला दिसणार नाही असा त्यांचा हात धरला, आणि तेवढ्यात सूर लागला.

बाहेर केक कापल्यावर मामा तावातावानं त्यांच्याकडे आले. “अहो भावोजी, निदान भाता भरायला तरी वेळ द्यायचा! अकरा सेकंद! अकरा सेकंदांत कुणी प्रार्थना उरकतं?”

मसुदेसाहेबांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, “दादा, आपलं म्हणणं लेखी द्या. विचार करू.”

मामांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली, तिथंच भिंतीला टेकवून दोन शब्द लिहिले आणि दोरा त्यांच्या कोटाच्या काजात ओवून बांधला. मसुदेसाहेब ती चिठ्ठी मिरवत संध्याकाळपर्यंत पाहुण्यांत फिरत होते. तिच्यावर लिहिलं होतं: ‘बरोबर चालतंय.’